मोजण्याआधी ऐकावे : केंद्रित गटमुलाखतीची पद्धत

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आकड्यांवर फार विश्वास ठेवतो. शाळेत मध्य, मध्यक आणि बहुलक शिकलो. कॉलेजात आल्यावर त्यात प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची भर पडली. प्रकल्प करावयाचा म्हटले की आपला हात प्रथम प्रश्नावलीकडे जातो. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी, पन्नास प्रती आणि शेवटी टक्केवारीचे एक वर्तुळचित्र. मीही गेल्या मे महिन्यात हेच करावयास निघाले होते. त्यात माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे एका निराळ्या पद्धतीशी माझी ओळख झाली. त्या पद्धतीची माहिती आपल्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

फजितीची हकीगत

माझ्या प्रकल्पाचा विषय 'गृहिणींची बचत' असा होता. सुटीत मी बडोद्यास, म्हणजे आजच्या वडोदऱ्यास, आत्याकडे गेले होते. आत्याचे घर दांडिया बाजारात आहे. गायकवाडांच्या राज्यामुळे त्या भागात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली आहेत. आपल्याकडे बेळगावात एका गल्लीत मराठी आणि कन्नड जशी शेजारी नांदते, तशी तेथे मराठी आणि गुजराती. घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती. आयती घरे आणि आयती भाषा मिळाली म्हणून मी तेथेच प्रश्नावली भरून घ्यावी असे ठरविले.

पहिला प्रश्न होता, "आपण दरमहा बचत करता का?" पहिल्या दहा घरांत बहुतेक सर्वांनी 'नाही' वर खूण केली. पुढचे पंधरा प्रश्न बचत करणाऱ्यांसाठी असल्यामुळे ते कोरेच राहिले. मी कागद घेऊन हिरमुसून परत आले, तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, तू दारात कागद घेऊन उभी राहिलीस. त्यांना वाटलं सरकारचं काहीतरी आहे. 'नाही' म्हटलं की सुटका! आणि या बायका बचत करीत नाहीत असं तुला खरंच वाटतं?"

मी आमच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "त्यांना एकत्र बसव, एक विषय दे, आणि तू कमी बोल." हे जे त्यांनी एका वाक्यात सांगितले, त्यालाच शास्त्रात केंद्रित गटमुलाखत किंवा 'फोकस ग्रुप' असे म्हणतात.

ही पद्धत म्हणजे काय?

साधारणपणे सहा ते दहा माणसांना एकत्र बसवून, एकाच ठरविलेल्या विषयावर, तास-दीड तास त्यांना आपसांत बोलते करावयाचे, आणि ते बोलणे नीट टिपून त्याचा अभ्यास करावयाचा, ही केंद्रित गटमुलाखत. येथे 'केंद्रित' हा शब्द महत्त्वाचा आहे. कट्ट्यावरच्या गप्पांना विषय नसतो. येथे विषय एकच असतो आणि सूत्रधार त्याला धरून ठेवतो. 'गट' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. आठ माणसांना ओळीने बसवून प्रत्येकाला पाळीपाळीने प्रश्न विचारला तर त्या आठ स्वतंत्र मुलाखती झाल्या. गटमुलाखतीत एकाचे बोलणे ऐकून दुसऱ्याला आपली गोष्ट आठवते, तिसरा "छे, आमच्याकडे तसं नाही" म्हणतो, आणि त्या देवाणघेवाणीतून जे बाहेर येते तेच संशोधकाला हवे असते.

संशोधनाचे दोन प्रकार आपण पुस्तकात वाचतो : संख्यात्मक आणि गुणात्मक. 'किती' या प्रश्नाचे उत्तर पहिला देतो. 'का', 'कसे' आणि 'कोणत्या शब्दांत' या प्रश्नांची उत्तरे दुसरा देतो. केंद्रित गटमुलाखत ही दुसऱ्या प्रकारातील पद्धत होय.

पद्धतीचा जन्म

या पद्धतीची हकीगत मोठी मनोरंजक आहे. नोव्हेंबर १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पॉल लाझार्सफेल्ड यांनी आपले सहकारी, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांना रात्रीच्या जेवणास बोलाविले. पण जेवण बाजूला राहिले आणि ते पाहुण्याला एका रेडिओ स्टुडिओत घेऊन गेले. तेथे काही श्रोते रेडिओचा कार्यक्रम ऐकत बसले होते. कार्यक्रमातला भाग आवडला की हिरवे बटण दाबावयाचे, नावडला की तांबडे. कार्यक्रम संपल्यावर एक मुलाखतकार त्यांना आवडी-नावडीची कारणे विचारीत असे. मर्टन यांच्या ध्यानात आले की मुलाखतकार उत्तर सुचवील असे प्रश्न विचारतो आहे आणि श्रोत्यांच्या मनातले बाहेर येतच नाही. त्यांनी चिठ्ठ्या लिहून लाझार्सफेल्ड यांच्याकडे सरकविल्या. मग पुढच्या गटाची मुलाखत त्यांनाच घ्यावी लागली!

बटणांनी 'कोठे आवडले' हे सांगितले होते; 'का आवडले' हे सांगण्यास माणसेच हवी होती. या अनुभवातून, आणि पुढे युद्धकाळातील प्रचारपटांच्या अभ्यासातून, मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांचा लेख १९४६ मध्ये आणि मार्जरी फिस्क यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर व्यापारी कंपन्यांनी ही पद्धत साबणापासून मोटारीपर्यंत सर्वत्र वापरली. मर्टन यांना मात्र त्याचे फारसे समाधान नव्हते. १९८७ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी सांगितले की गटमुलाखतीतून नव्या कल्पना आणि गृहीतके मिळतात. त्या किती लोकांना लागू पडतात हे पुढे पाहणी करून तपासावेच लागते. हा इशारा आपण लेखाच्या शेवटापर्यंत लक्षात ठेवू.

बडोद्याचा वाटा

योगायोग असा की ज्या गावात बसून मी ही पद्धत शिकत होते, ते गाव भारतातील बाजार-संशोधनाचे एक जुने माहेरघर आहे. विक्रम साराभाई यांचे नाव आपण अवकाश संशोधनासाठी घेतो. परंतु १९६० साली बडोद्यात 'ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप' ही संस्था त्यांनीच सुरू केली, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते. दुकानादुकानांत जाऊन कोणता माल किती खपला हे ठरावीक काळाने मोजण्याची, म्हणजे किरकोळ विक्रीच्या तपासणीची, पद्धत या संस्थेने देशात रुजविली. १९७० आणि १९८० च्या दशकांत तिने कुटुंबनियोजनावर अखिल भारतीय पाहण्याही केल्या. पुढे संस्थेचे नाव आणि मालकी बदलत गेली, पण मोजणीची ती परंपरा मोठी होती.

विशेष म्हणजे मोजणीच्या या गावातच न मोजता ऐकण्याचेही काम झाले. बडोद्यात काम केलेले एम. ई. खान आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सांख्यिकी त्रैमासिकात, सामाजिक संशोधनात गटमुलाखती वापरताना पद्धतीचे कोणते प्रश्न उभे राहतात, यावर लेख लिहिला. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शुभदा कनानी आणि त्यांच्या सहकारी यांनी बडोद्याच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रिया आपल्या आजारांविषयी काय समजतात, याचा गुणात्मक पद्धतींनी अभ्यास केला. तो १९९४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या एका संग्रहात आहे. अशा अभ्यासाची गरज का पडते हे सहज समजण्यासारखे आहे. स्त्री आपल्या दुखण्याला कोणत्या नावाने ओळखते आणि कोणाजवळ बोलते, हे ठाऊक नसताना डॉक्टरी शब्दांत प्रश्न विचारला तर ती 'नाही' म्हणणार. माझ्या 'बचत' या शब्दाचे नेमके तेच झाले होते.

गट कसा जमवावा?

सरांच्या सांगण्यावरून मी आत्याच्या ओळखीच्या आठ जणींना दुपारी चहाला आणि लिल्या चिवड्याला बोलाविले. माझी पहिली बैठक साफ फसली. ती का फसली हे सांगितले म्हणजे नियम आपोआप समजतील.

पहिली चूक गट निवडण्यात झाली. मी एकाच घरातील सासू आणि सून दोघींनाही बोलाविले होते. सासूबाई बोलल्या आणि सून चहाच्या कपाकडे पाहत राहिली. तिच्यामुळे इतर तरुण स्त्रियाही गप्प बसल्या. म्हणून शास्त्र सांगते की गटातील माणसे वयाने, दर्जाने आणि अनुभवाने साधारण सारखी असावीत. मालक आणि नोकर, शिक्षक आणि विद्यार्थी, सासू आणि सून यांना एका गटात बसवू नये. निरनिराळ्या लोकांची मते हवी असतील तर निरनिराळे गट घ्यावेत.

दुसरी चूक सूत्रधाराची, म्हणजे माझी. एक निवृत्त शिक्षिका पाऊण तास बोलल्या. त्यांना थांबविण्याचे धैर्य मला झाले नाही. अशा वेळी सूत्रधाराने नम्रपणे "आपला मुद्दा टिपून घेतला, आता इतरांचे ऐकू या" असे म्हणून नजर दुसरीकडे वळवावी. कोणी अजिबात बोलत नसेल तर त्याच्याकडे थोडा वेळ पाहून वाट पाहावी. शांततेची भीती बाळगू नये. पाच सेकंदांची शांतता सूत्रधाराला पाच मिनिटांसारखी वाटते, पण पुष्कळदा तिच्यानंतरच खरे बोलणे येते.

तिसरी चूक प्रश्नाची. मी विचारले, "बँकेत पैसे ठेवणे जास्त सुरक्षित, नाही का?" सर्वांनी माना डोलाविल्या. मर्टन यांनी १९४१ साली स्टुडिओत पाहिलेली चूक मी दांडिया बाजारात जशीच्या तशी केली! ज्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच असते, आणि ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' यात संपते, ते प्रश्न गटात निरुपयोगी.

प्रश्नांचा क्रम

दुसऱ्या बैठकीस मी फक्त तरुण गृहिणींना बोलाविले. वेळ दुपारी तीनची ठेवली, कारण तेव्हा जेवणे आटोपलेली असतात आणि मुले शिकवणीला जातात. माझी आतेबहीण नोंद घेण्यास बसली. सूत्रधार आणि नोंद घेणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असाव्यात, कारण बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहणे आणि वहीत लिहिणे ही कामे एकदम होत नाहीत. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी मी सर्वांची परवानगी घेतली.

आराखड्यात फार प्रश्न नसावेत, आठ-दहा पुरेत. सुरुवात सर्वांना सहज बोलता येईल अशा प्रश्नाने करावी, मग विषयाच्या जवळ यावे, मुख्य प्रश्नांना सर्वांत अधिक वेळ द्यावा आणि शेवटी "काही सांगायचे राहिले का?" असे अवश्य विचारावे. मी प्रथम भाज्यांच्या भावांवर बोलू दिले. मग विचारले, "महिनाअखेर घरात अचानक पैसे लागले, तर ते कोठून येतात?"

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक हसली आणि म्हणाली, "डाळीच्या डब्यातून!" सगळ्याच हसल्या. दुसरी म्हणाली, "माझे तर भिशीतून." मग कोणाची भिशी किती जणींची, चिठ्ठी कोणत्या तारखेला काढतात, पहिला नंबर लागलेला चांगला की शेवटचा, यावर जो वाद रंगला त्यात माझी कोणाला आठवणही राहिली नाही. मध्येच मी विचारले, "म्हणजे तुम्ही बचत करता?" त्यावर एकजण माझ्याकडे आश्चर्याने पाहत म्हणाली, "छे गं! बचत म्हणजे बँकेतली. ही तर भिशी."

या एका वाक्याने माझ्या दहा कोऱ्या प्रश्नावल्यांचे कोडे उलगडले. त्या स्त्रिया खोटे बोलल्या नव्हत्या. माझ्या प्रश्नातला शब्द त्यांच्या व्यवहाराला लागू नव्हता, इतकेच. शेजारच्या गुजराती स्त्रिया भिशीला 'वीसी' म्हणतात. आपल्याकडच्या कन्नड घरांत 'चीटी' म्हणतात. यांपैकी एकही शब्द माझ्या प्रश्नावलीत नव्हता.

भाषेचा प्रश्न

आपले वार्षिक दोन भाषांत निघते, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा मला बोलता येतात. त्यामुळे मी कोणत्याही गटात चालेन अशी माझी समजूत होती. बडोद्यात ती गळून पडली. त्या स्त्रिया माझ्याशी मराठीत बोलत, परंतु वाद रंगला की आपसांत गुजरातीवर जात आणि नेमके महत्त्वाचे वाक्य मला निसटे. आतेबहिणीच्या वहीमुळे ते वाचले. बोलणारा भाषा केव्हा बदलतो, हीसुद्धा टिपण्याजोगी गोष्ट आहे. शक्य तो गटाच्या घरच्या भाषेत बोलणारा सूत्रधार असावा, आणि नोंद ज्या भाषेत बोलले गेले त्याच भाषेत आधी करावी, भाषांतर मागाहून.

गटातले गुपित

आता एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. त्या दुपारी बोलण्याच्या ओघात एका स्त्रीने, तिच्या घरी कोणालाही ठाऊक नसलेली पैशांची एक बाब सांगितली. ती काय होती ते येथे लिहीत नाही. मला मात्र तेव्हा आनंदच झाला. माझ्या प्रकल्पातील ते सर्वांत चांगले उदाहरण ठरले असते. बैठकीच्या आरंभी मी सर्वांना ऐटीत सांगितले होते की येथले बोलणे बाहेर जाणार नाही.

चौथ्या दिवशी ती आत्याकडे आली. बसली नाही. दारातूनच मला म्हणाली, "तुझ्या मोबाइलमधलं माझं बोलणं पुसून टाक, बेटा. घरी कळलंय." मी कोणाला सांगितले नव्हते, आतेबहिणीनेही नाही. पण खोलीत आम्ही दोघीच नव्हतो. माझ्या स्वतःच्या जिभेचे वचन देणे माझ्या हाती होते. इतर सात जणींचे वचन मी कशाच्या जोरावर दिले? मी तिच्यासमोरच ते ध्वनिमुद्रण पुसले आणि वहीतले ते पान फाडून तिच्या हाती दिले. प्रकल्पात तो भाग घेतला नाही. जाताना तिने "ठीक आहे" म्हटले. पण त्यानंतर मी असेपर्यंत ती आत्याच्या घरी आली नाही. परवा आत्याला फोन करून, एवढे तरी लिहू का, असे मी तिला विचारवून घेतले. तिचा होकार आल्यावरच हा परिच्छेद लिहिला आहे.

यावरून मी काढलेले नियम असे. गुप्ततेचे आश्वासन देताना, इतर सदस्यांच्या वतीने आपण हमी देऊ शकत नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगावे. "तुम्ही काय करता" यापेक्षा "अशा वेळी बायका काय करतात" असे विचारावे, म्हणजे कोणाला स्वतःला उघडे पाडावे लागत नाही. कोणी वाहवत जात असेल तर सूत्रधाराने, स्वतःचे नुकसान होत असले तरी, विषय बदलावा. आणि खरोखर खासगी बाब असेल तर गट नकोच. ती एकट्याच्या मुलाखतीत विचारावी.

निष्कर्ष आणि मर्यादा

बैठक संपल्यावर खरे काम सुरू होते. सर्व बोलणे शब्दशः उतरवून काढावे लागते; एका तासाच्या बोलण्याला मला अख्खी दुपार आणि संध्याकाळ लागली. मग ते पुन्हा पुन्हा वाचून, एका आशयाच्या वाक्यांना एका रंगाची पेन्सिल लावीत जावे. एका गटावर थांबू नये. एका प्रकारच्या लोकांचे तीन-चार गट घ्यावेत आणि नवे काही ऐकू येईनासे झाले की थांबावे. 'आठपैकी पाच जणी, म्हणजे साडेबासष्ट टक्के' असे मात्र कधीही लिहू नये. आठ जणींना आपण सोयीने बोलाविलेले असते. त्या साऱ्या गावाचा नमुना नव्हेत.

गटात माणसे एकमेकांकडे पाहून मत बनवितात, ही दुसरी मर्यादा. कोका-कोला कंपनीने १९८५ मध्ये पेयाची चव बदलण्यापूर्वी सुमारे दोन लाख लोकांना ती चाखविली होती. बहुसंख्यांना नवी चव आवडली. गटचर्चांत मात्र थोडे नाराज लोक बाकीच्यांना आपल्या बाजूला ओढू लागले. कंपनीने चाचणीतल्या बहुमतावर भरवसा ठेवून २३ एप्रिलला नवे पेय बाजारात आणले, आणि लोकक्षोभामुळे ७९ दिवसांत जुने परत आणावे लागले. चवीचा आकडा खोटा नव्हता, पण पेला चाखताना माणूस एकटा होता. बाजारात तो एकटा नसतो, हे गटाने दाखविले होते. गटाच्या दबावाला दोष म्हणावे की माहिती, हे विषयावर अवलंबून आहे.

म्हणून दोन्ही पद्धतींची सांगड घालणे हाच मार्ग. बडोद्याहून परतल्यावर मी प्रश्नावली नव्याने लिहिली. "आपण बचत करता का?" हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी "घरखर्चातून काही बाजूला राहते का?", "आपण भिशीत किंवा चीटीत आहात का?", "तो पैसा कशासाठी वापरता?" असे प्रश्न घातले, आणि 'सांगू इच्छित नाही' अशी एक तिसरी चौकट ठेवली. ही प्रश्नावली मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत छापून घेतली असून येत्या सुटीत ती बेळगावात भरून घ्यावयाची आहे.

आपल्या कॉलेजातही या पद्धतीला वाव आहे. वाचनालयात दुपारनंतर गर्दी का नसते, याचा शोध घ्यावयाचा असेल तर हजेरीपटावरचे आकडे पुरणार नाहीत. मराठी विद्यार्थ्यांचा एक आणि कन्नड विद्यार्थ्यांचा एक असे दोन गट, दोन सूत्रधार, दोन वह्या आणि थोडा चहा एवढ्यावर काम सुरू करता येईल. ज्या मित्रमैत्रिणींना यात रस असेल त्यांनी मला जरूर भेटावे. पहिल्या बैठकीस सूत्रधार म्हणून मी बसणार नाही. नोंद घेण्यास मात्र तयार आहे.